चौथा फोटो पोरांचा पोरांना काढू द्या

पनागरात सतरा-अठरा वर्षांचं पोर असलेल्या कुठल्याही घरात जा, त्या पोराचे तीन तऱ्हेचे फोटो हमखास निघतात. पहिला फॉर्मचा. मागे पांढरा पडदा, कान दिसतील असे मागे सारलेले केस, ताठ मान. दुसरा घरच्यांनी काढवून घेतलेला. मुलगी असेल तर साडीतला, पुढेमागे स्थळांना पाठवता येईल असा. मुलगा असेल तर कुणाच्या तरी लग्नातला, कोट घातलेला. तिसरा फोनमधला, फिल्टर लावून गोरा-गुळगुळीत केलेला आणि इन्स्टाग्रामवर टाकलेला. पहिला फोटो परीक्षा घेणाऱ्यांसाठी, दुसरा नात्यागोत्यासाठी, तिसरा मित्रमैत्रिणींसाठी. तिन्ही फोटोंत कसं दिसायचं हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं असतं आणि पोर त्यात स्वतःला बसवून घेत राहतं.

पनागर मोठं शहर नाही. मध्य प्रदेशात, जबलपूरहून कटनीच्या रस्त्याला लागलं की पंधराएक किलोमीटरवर येतं. हिवाळ्यात आसपासच्या शेतांतला वाटाणा गाड्या भरभरून बाहेर जातो, पोरं कॉलेजला आणि क्लासला जबलपूरला जातात, संध्याकाळी परत येतात. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. ‘लोक काय म्हणतील’ मधले लोक इथे समोरच्या दुकानात, शेजारच्या ओट्यावर बसलेले असतात. अशा गावात वाढणाऱ्या पोराला स्वतःकडे शांतपणे बघायला जागा फार कमी मिळते.

म्हणून आईबाबांना, काका-मावश्यांना, शिक्षकांना, स्टुडिओवाल्यांना आणि खुद्द पोरांना माझी कळकळीची विनंती आहे. त्या तीन फोटोंत पोराच्या चेहऱ्याला हात लावू नका. आणि त्या तिन्हींशिवाय एक चौथा फोटो असू द्या, जो कसा असावा हे फक्त त्या पोराने ठरवलेलं असेल.

काउंटरवर काय होतं

आधी फॉर्मच्या फोटोचं बोलू. परीक्षांचे फॉर्म सुटले की स्टुडिओत गर्दी होते. पोरगा पडद्यासमोर बसतो, दोन फ्लॅश उडतात, फोटो संगणकावर येतो. काउंटरमागचा माणूस पडद्यावरचा चेहरा मोठा करतो आणि विचारतो, “थोड़ा साफ कर दूँ?” पोराने काही म्हणायच्या आत बरोबर आलेली आई म्हणते, “हो, जरा उजळ करा.” माउस हलतो. गालावरचा तीळ जातो, मुरमांचे डाग जातात, कपाळ आणि मान यांचा रंग एक होतो, मग सगळा चेहरा दोन-तीन छटांनी फिका होतो. पोरगा हे सगळं उभ्या उभ्या बघत असतो. मिनिटभराचं काम, पण त्यातून त्याला एवढंच कळतं की आपण जसे आहोत तसे चालणार नाही, आणि आपल्या आईलाही तसंच वाटतं.

त्या माउलीचा हेतू वाईट नसतो, स्टुडिओवाल्याचाही नसतो. फोटोत पोर खरोखरच काळवंडलेलं दिसत असतं. पण हा दोष पोराचा नाही. कॅमेरा समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी काढून किती प्रकाश आत घ्यायचा ते ठरवतो. मागे पांढराफेक पडदा असला की त्याला वाटतं, उजेड भरपूर आहे. तो प्रकाश कमी घेतो आणि सावळा चेहरा आहे त्याहून काळा येतो. यावरचा इलाज चेहरा गोरा करण्यात नाही, प्रकाश नीट घेण्यात आहे. फोनवर फोटो काढत असाल तर पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा. बहुतेक फोनमध्ये सूर्याची खूण येते, ती किंचित वर सरकवा. चेहरा त्याच्या खऱ्या रंगात उजळून येतो.

छायाचित्रणाच्या इतिहासात हा दोष जुना आहे. फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुन्याचं कार्ड द्यायची, त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्यावर बहुधा एका गोऱ्या बाईचा फोटो असे. तिची कांती नीट आली की छपाई नीट आली, असा हिशेब. सावळ्या आणि काळ्या माणसांचे चेहरे त्या मापात बसत नसत, डोळे आणि दात तेवढे चमकत, बाकी चेहऱ्याचे बारकावे काळोखात जात. आता कंपन्यांनाही ही चूक कळली आहे. २०२१ मध्ये गूगलने पिक्सेल ६ फोनबरोबर ‘रिअल टोन’ नावाची सोय आणली, ती वेगवेगळ्या रंगांच्या कांती खऱ्या दिसाव्यात यासाठीच. ज्यांनी कॅमेरे बनवले ते आपलं माप चुकलं म्हणून मान्य करत असतील, तर पनागरच्या सावळ्या पोराने स्वतःला चुकीचं का मानावं?

फॉर्मच्या बाबतीत एक व्यवहाराची गोष्टही आहे. परीक्षा केंद्रावर चेहरा फोटोशी ताडून पाहतात. तीळ पुसलेला, रंग बदललेला फोटो घेऊन गेलात तर ऐन वेळी पोराचीच पंचाईत. तेव्हा स्टुडिओवाल्या बंधूंनो, “साफ कर दूँ?” हा प्रश्न विचारणं बंद करा. लाइट एकाऐवजी दोन बाजूंनी द्या, पडदा थोडा करडा घ्या, जिथे पांढराच लागतो तिथे पोराला पडद्यापासून दोन हात पुढे बसवा आणि प्रकाश चेहऱ्यावरून मोजा. गिऱ्हाईक मागतं म्हणून करतो, असं तुम्ही म्हणाल. पण तुमचा हात बसलेला आहे, तुम्ही प्रकाशाने चेहरा खुलवून दाखवलात तर गिऱ्हाईक उजळ करायला सांगणारच नाही.

फोन खोटं बोलतो, कसं ते समजून घ्या

आता तिसरा फोटो, सेल्फी. पोरांना फिल्टर का लागतो? कारण फिल्टरशिवायची सेल्फी त्यांना खरोखरच विचित्र दिसते. याचं कारण पोरांना कुणी सांगत नाही, ते सांगायला हवं.

फोन हातात धरून सेल्फी काढताना कॅमेरा चेहऱ्यापासून जेमतेम फूटभर असतो. कॅमेऱ्याला नाक जवळ आणि कान लांब. जवळची वस्तू मोठी दिसते, लांबची लहान. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणित मांडून दाखवलं: १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. हे काम त्यांनी हाती घेतलं, कारण सेल्फी दाखवून नाकाची शस्त्रक्रिया मागणारी माणसं त्यांच्याकडे येत होती. ज्या नाकासाठी माणूस चाकूखाली जायला तयार होतो, तसं नाक त्याला नसतंच.

दुसरं कारण आरशाचं. आपण आपला चेहरा जन्मभर आरशात बघतो, म्हणजे उलटा बघतो. फोटोत तो सुलटा येतो. भांग दुसरीकडे जातो, वाकडं हसू दुसऱ्या बाजूला वाकतं. १९७७ सालच्या एका प्रयोगात माणसांना स्वतःचा आरशातल्यासारखा फोटो जास्त आवडला, तर त्यांच्या जवळच्या माणसांना सुलटा. म्हणजे तुम्हाला तुमचा जो फोटो ‘कसातरीच’ वाटतो, तोच चेहरा तुमच्या मैत्रिणीला रोज बघून आवडलेला आहे.

तिसरं कारण बऱ्याच जणांना माहीतच नसतं. कितीतरी फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात ‘ब्युटी’ आधीपासूनच चालू असते. पोराने काहीही केलेलं नसतं, तरी फोन कातडी गुळगुळीत करतो, हनुवटी निमुळती करतो, डोळे मोठे करतो. मग कधी दुसऱ्याच्या फोनवर खरा फोटो निघाला की धक्का बसतो. २०२० मध्ये गूगलने आपल्या फोनपुरता निर्णय घेतला की ही सोय आपोआप चालू असणार नाही, आणि तिला ‘सौंदर्य’ म्हणायचं नाही. तुमच्या घरातल्या फोनमध्ये हे आजच तपासा. कॅमेरा उघडा, पुढचा कॅमेरा निवडा, ‘ब्युटी’ शून्यावर आणा.

आणि मग पोराचा एक फोटो असा काढा. भर दुपारी दारात किंवा खिडकीशी उभं करा, ऊन अंगावर नको, उजेड हवा. वरची ट्यूबलाइट बंद करा, तिच्यामुळे डोळ्यांखाली काळं येतं. मागचा कॅमेरा वापरा. पाच-सहा फूट मागे सरका आणि फोनमध्ये दोनपट झूम असेल तर तो घ्या. चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड जुळवा. मग हा फोटो आणि सेल्फी शेजारी शेजारी ठेवून पोराला बघू द्या. ‘तू आहेस तशीच छान आहेस’ हे शंभरदा सांगून जे होत नाही, ते या दोन फोटोंनी होतं. आपल्याला जे नावडत होतं ते आपल्यात नसून फोटो काढण्याच्या तऱ्हेत होतं, हे तिला तिच्याच डोळ्यांनी दिसतं.

पोरांवर नुसते ओरडू मात्र नका. छान दिसण्याच्या या दबावाला फक्त आपली पोरं बळी पडताहेत असं नाही. २०२१ मध्ये इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीची आतली कागदपत्रं बाहेर आली. ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं, त्यांतल्या ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्रामने ते आणखी वाढवलं असं सांगितल्याची नोंद त्यांत होती. फ्रान्सने २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलचा बांधा बारीक किंवा जाड केलेला असेल तर फोटोवर तसं लिहिणं सक्तीचं केलं. नॉर्वेनेही २०२२ पासून बदललेल्या शरीराच्या जाहिरातींना शिक्का लावायला सांगितलं. सरकारांना कायदे करावे लागतात, इतकं हे ओझं मोठं आहे. ते एकट्या पंधरा वर्षांच्या पोराने पेलावं अशी अपेक्षा करू नये.

स्थळाला पाठवायचा फोटो

दुसऱ्या फोटोचं बोलायला जड जातं, कारण तो आपण, वडीलधारी माणसं काढून घेतो. आपल्या मराठी बायोडाटात उंची, रास, नाडी यांच्या रांगेत ‘वर्ण’ नावाचा रकाना असतो. त्यात गोरा, गव्हाळ, निमगोरा असे शब्द भरले जातात. सावळी मुलगी गव्हाळ होते, गव्हाळ निमगोरी होते, आणि मग लिहिलेल्या शब्दाशी जुळावा म्हणून फोटोही तितका उजळवला जातो.

२०२०च्या जूनमध्ये परदेशातल्या भारतीय मुलींनी आवाज उठवल्यावर शादी डॉट कॉमने कांतीच्या रंगावरून स्थळं निवडायची सोय काढून टाकली. त्याच वर्षी ‘फेअर अँड लव्हली’ने नावातून ‘फेअर’ काढलं. धंदा करणाऱ्यांना जे सोडावंसं वाटलं, ते आपल्या घरातल्या बायोडाटात अजून का असावं? हा रकाना तुम्ही उद्या काढू शकता. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ हा मराठी सिनेमा शक्य असेल तर घरातल्या सगळ्यांनी मिळून बघा. २०२३ मध्ये तो टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला, २०२५च्या मार्चमध्ये आपल्याकडे लागला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावची, शिकणारी सविता. पाहायला येणाऱ्यांसमोर तिला पुन्हा पुन्हा बसवलं जातं, नाव, उंची, शिक्षण विचारलं जातं. सुरुवातीलाच सविता स्वप्न बघते. त्या स्वप्नात मुलगा पाटावर बसलेला आहे आणि बायका त्याला प्रश्न विचारताहेत. नेहमीचंच दृश्य, फक्त बसणारा बदलला, आणि त्यातला अपमान लख्ख दिसतो. विदर्भातलं ते घर आणि पनागरमधलं आपलं घर यांत फार अंतर नाही.

तुम्ही म्हणाल, लग्न तर जमायला हवं ना? जमायलाच हवं. पण उजळवलेल्या फोटोवरून आलेली माणसं दारात मुलीला बघून एकमेकांकडे बघतात, तो क्षण मुलीच्या वाट्याला येतो. फोटो पाठवणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. खरा फोटो बघून आलेला माणूस तिला बघायला आलेला असतो. मुलीला विचारा, स्वतःचा कुठला फोटो पाठवावासा वाटतो. ती सायकलवरचा, प्रयोगशाळेतला, हसतानाचा, चष्मा लावलेला कुठलाही निवडेल. तोच पाठवा. अजून लग्नाचं नाव काढायचं नाही, असं ती म्हणाली, तर कुठलाच पाठवू नका.

मुलांचंही ओझं कमी नाही. जबलपूरला सैन्यभरतीची तयारी करणारा मुलगा रोज उंची आणि छाती मोजतो. त्याच्या फोनमध्ये जिममधल्या दंडांचे फोटो असतात आणि हसणारा एकही नसतो, कारण हसला की पोरगेला दिसतो अशी त्याला भीती वाटते. बाबांनी, काकांनी त्याला एकदा सांगावं की फोटोत हसलं तर काही बिघडत नाही. हे घरातल्या पुरुषाच्या तोंडून आलं तर त्याला पटतं.

वेश बदलू द्या, चेहरा नको

इथे एक फरक नीट ध्यानात घ्या. मित्राच्या मोटारसायकलला टेकून, गॉगल लावून फोटो काढणाऱ्या पोराला ‘उसनी ऐट’ म्हणून हिणवू नका. आपण कोण होऊ शकतो हे पोर त्यातून अजमावून बघत असतं, आणि त्याचा त्याला हक्क आहे.

आपल्याच मध्य प्रदेशात याचं उत्तम उदाहरण आहे. उज्जैन जिल्ह्यातलं नागदा हे कारखान्यांचं गाव. तिथे सुरेश पंजाबी यांचा सुहाग स्टुडिओ. कामगार, शेतकरी, कॉलेजातली पोरं त्यांच्याकडे येत आणि सिनेमातल्या नायकासारखी ऐट करून उभी राहत. ख्रिस्तोफर पिनी या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञांनी नागदा आणि आसपासच्या गावांत राहून या फोटोंचा अभ्यास केला. १९९७ मध्ये त्यांचं ‘कॅमेरा इंडिका’ आलं आणि २०१३ मध्ये चेन्नईच्या तारा बुक्सने सुहाग स्टुडिओच्या फोटोंचं ‘आर्टिझन कॅमेरा’ हे पुस्तक काढलं. लहान गावातल्या स्टुडिओत लोक फक्त ओळख पटवायला जात नव्हते, आपण आणखी काय असू शकतो ते बघायला जात होते, असं त्यांना दिसलं.

पिनींनी लिहिलेला एक अनुभव मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी शेजाऱ्यांचे आपल्या आवडीने फोटो काढले: अर्ध्या अंगाचे, सहज टिपलेले, चेहऱ्यावर सावली पडलेले. परदेशी नजरेला ते कलात्मक. शेजाऱ्यांना ते आवडले नाहीत. त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण, सरळ उभा, उजेडातला फोटो हवा होता. ज्याचा फोटो, त्याला तो कसा हवा हे त्याला ठाऊक असतं. त्याला कुणी विचारत नाही, इतकंच.

छायाचित्रकार गौरी गिल यांनी विचारलं. २००३ मध्ये राजस्थानच्या लूणकरणसरमध्ये उरमूल सेतू संस्थेने बालिका मेळा भरवला होता, आसपासच्या गावांतून सुमारे दीड हजार किशोरवयीन मुली आल्या होत्या. गिल यांनी तिथे फोटोचा एक तंबू टाकला. मागे पडदा, थोडंसं साहित्य, बस. कुणी आत यायचं, एकटीने यायचं की मैत्रिणीबरोबर, कसं उभं राहायचं, हातात काय धरायचं, हे मुलींनी ठरवलं. त्या फोटोंतल्या मुली कॅमेऱ्याकडे थेट बघतात. कुणी हसते, कुणी हसत नाही, दोघी एकमेकींचा हात घट्ट धरतात. हे फोटो पुढे ‘बालिका मेळा’ या पुस्तकात आले आणि जगभर पाहिले गेले. त्यातल्या एकाही मुलीला गोरं करावं लागलं नाही.

अमेरिकेत छायाचित्रकार वेंडी इवॉल्ड यांनी त्याच्याही पुढचं पाऊल टाकलं. १९७०च्या दशकात केंटकीच्या डोंगरी, गरीब भागातल्या शाळकरी मुलांच्या हाती त्यांनी कॅमेरे दिले आणि सांगितलं, स्वतःचे, घरच्यांचे, आपल्या स्वप्नांचे फोटो काढा. मुलांनी स्वप्नंसुद्धा रचून, मित्रांना उभं करून फोटोत आणली. पुढे त्यांनी गुजरातेतल्या एका गावातही असंच काम केलं. कॅमेरा कुणाच्या हातात आहे, यावर फोटोत काय दिसेल हे अवलंबून असतं.

पनागरचा चौथा फोटो

हे आपल्याकडे सहज जमेल. एखाद्या रविवारी पोराला सांगा: दहा फोटो काढ, विषय ‘मी’. अटी दोनच. फिल्टर नाही, आणि प्रत्येक फोटोखाली एक ओळ लिहायची, मराठीत, हिंदीत, जमेल तशी. चेहरा दिसलाच पाहिजे असं नाही. अभ्यासाचा कोपरा, झिजलेल्या चपला, आजीचे हात, क्लासला जाणाऱ्या बसची खिडकी, घरामागचं वाटाण्याचं शेत, गच्चीवरून दिसणारा रस्ता, सगळं चालेल. एखादं पोर एकाही फोटोत स्वतःला आणणार नाही. तेही चालेल, आणि त्यावर लगेच काही बोलू नका.

मग फोटो बघायला शांतपणे बसा. छान, वाईट, असं करायला हवं होतंस, हे शब्द त्या दिवशी नकोत. दोन प्रश्न पुरेत: हा फोटो इथेच का काढलास? आणि यात न आलेलं काय आहे? उत्तर आलं तर ऐका. नाही आलं तर आग्रह नको. त्यातले पोराने निवडलेले तीन-चार फोटो स्टुडिओतून छापून आणा, जसे आहेत तसे. फोनमधला फोटो लाइक मोजत राहतो, कागदावरच्या फोटोला लाइक नसतात.

आपल्या मराठी घरांसाठी यात एक वेगळी गोष्ट दडलेली आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी जबलपूर आधी सागरच्या मराठ्यांकडे आणि मग नागपूरकर भोसल्यांकडे आलं. १९५६ पर्यंत नागपूर हीच या भागाची राजधानी होती. रेल्वे, तोफगाडीचा कारखाना, कोर्ट, शाळा यांच्या निमित्ताने आलेली मराठी घरं इथेच रुजली. त्यांच्या नातवंडांना पुण्याची भावंडं म्हणतात, तुझं मराठी हिंदीसारखं आहे. वर्गातली पोरं म्हणतात, तू तो मराठी है. पोर दोन्हीकडे थोडं पाहुणं राहतं. मग गुढीपाडव्याला नऊवारी नेसून काढलेला फोटो पुण्याला पाठवायचा आणि बाकीचे दिवस गप्प राहायचं, असं चालतं. त्यांना सांगा, ग्वारीघाटावरची नर्मदेची आरती आणि घरातला गणपती, दोन्ही तुझेच आहेत, दोन्ही एका फोटोमालिकेत ठेव. आपण अर्धे-अर्धे नाही, पूर्ण आहोत, हे ते पोर स्वतःच्या हाताने मांडू शकेल.

जबलपूरच्या मराठी मंडळांना, पनागरच्या शाळांना विनंती आहे: गणेशोत्सवात किंवा स्नेहसंमेलनात पोरांच्या अशा फोटोंना एक भिंत द्या. स्पर्धा लावू नका, परीक्षक आणू नका, पहिला-दुसरा नंबर काढू नका. नंबर आला की पुन्हा कुणाला तरी आवडेल असा फोटो काढणं आलं. आणि कुठला फोटो भिंतीवर जाईल, कुठला वहीतच राहील, हे ज्याचा फोटो त्याने ठरवायचं.

विचारून टाका, आणि वेळ आली तर पाठीशी राहा

फोटोवर पोराचा हक्क आहे म्हटलं की आपल्यालाही शिस्त लागते. पोराचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकण्याआधी त्याला विचारा. लहानपणीचा उघडा फोटो गंमत म्हणून वाढदिवसाला टाकू नका. तेराव्या वर्षी तो वर्गातल्या दहा जणांच्या फोनमध्ये जातो. मावशी-काकांनी टाकला असेल तर काढायला सांगा, राग आला तरी चालेल. आपला नकार घरात ऐकला जातो हे ज्या पोराला माहीत असतं, ते बाहेरही नकार द्यायला घाबरत नाही.

इन्स्टाग्रामवर १८ वर्षांखालच्या मुलांची नवी खाती २०२५ पासून भारतातही आपोआप खासगी ठेवली जातात, पण त्यासाठी जन्मतारीख खरी टाकलेली असावी लागते. पोराबरोबर बसून ते बघा.

आणि एखाद्या दिवशी पोर घाबरून सांगेल की कुणीतरी फोटो बदलून, चेहरा दुसऱ्या अंगावर चिकटवून धमकावतंय, किंवा विश्वासाने पाठवलेला फोटो पसरवतंय. तेव्हा पहिलं वाक्य ‘पाठवलासच का?’ हे नको. पहिलं वाक्य ‘सांगितलंस ते बरं केलंस’ हे हवं. पैसे देऊ नका, समोरच्याला विनवू नका, संदेश आणि फोटो पुरावा म्हणून राखून ठेवा. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० वर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. कुणाच्याही खासगी अंगांचा फोटो त्याच्या संमतीशिवाय काढणं, पाठवणं वा छापणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली ३ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. फोटो अल्पवयीन मुलाचा असेल तर कलम ६७ बी आणि २०१२ चा पॉक्सो कायदा आणखी कडक आहेत. फोटो १८ वर्षांखालचे असताना काढलेला असेल तर ‘टेक इट डाउन’ आणि मोठ्यांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ या मोफत सेवा तो पसरण्यापासून रोखायला मदत करतात. त्यासाठी फोटो कुणाला दाखवावा लागत नाही, फोनमधूनच त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. मन खचलं असेल तर टेलिमानसच्या १४४१६ वर कुठल्याही वेळी बोलता येतं. हे नंबर लिहून फ्रिजवर चिकटवा. गरज नसताना लिहिलेले नंबरच गरजेला सापडतात.

पोरांनो, तुमच्यासाठी शेवटचं. फिल्टर वापरल्याबद्दल तुम्हाला कुणी गुन्हेगार ठरवू नये, मीही ठरवत नाही. पण महिन्याकाठी एक तरी फोटो असा काढा, जो कुणाला पाठवायचा नाही, कुणाला आवडावा म्हणून काढायचा नाही. तारीख टाकून ठेवून द्या. वर्षभराने बारा होतील. वयाची ही वर्षं कशी होती, तुम्ही तेव्हा कोण होतात, हे त्या बारा फोटोंतून कळेल. फॉर्मच्या, स्थळाच्या आणि इन्स्टाच्या फोटोंत ते सापडणार नाही.

आणि मोठ्यांनो, परीक्षांचे फॉर्म पुन्हा सुटतील, लग्नसराई पुन्हा येईल. पुढच्या वेळी पोराला घेऊन स्टुडिओच्या काउंटरवर उभे राहाल आणि माउस चेहऱ्याकडे वळेल, तेव्हा स्पष्ट सांगा: “रहने दीजिए, चेहरा ऐसा ही है.” पोराला ऐकू जाईल असं सांगा.